नातीसह वैध

शरीर नश्वर आहे; वाहन चालवण्याचा परवाना मात्र वीस वर्षं टिकतो. माणसाचे डोळे जातात, कान जातात, हात थरथरू लागतात, चालता चालता फीट येते. परवान्याला यातलं काहीच होत नाही. उलट त्यावरचा फोटो दरवर्षी धन्यापेक्षा अधिकच तरुण दिसू लागतो. तेव्हा रस्त्यावर गाडी नक्की कोण चालवतं, माणूस की परवाना, असा प्रश्न उभा राहिला आणि वरिष्ठ कार्यालयाने कोणतीही घाईगर्दी न करता अवघ्या सहा वर्षांत त्यावर परिपत्रक काढलं.

'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र वाहनचालकांबाबत पोलिसांनी करावयाची कार्यवाही' असं त्याचं नाव. पानं चौसष्ट, परिशिष्टं अकरा, आणि शेवटी एक कोरं पान (अनुभवातून सुचेल ते लिहिण्यासाठी, पण त्यावर लिहिल्यास परिपत्रक खराब केल्याबद्दल खुलासा मागवला जातो). ते ठाण्यात आलं त्या दिवशी वाहतूक शाखेतले एक हवालदार दाढ काढायला रजेवर होते. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन ते कामावर आले तेव्हा त्यांना कळलं, की या विषयाचे 'विशेष अंमलबजावणी अधिकारी' आपणच आहोत. तोंडात कापसाचा बोळा असल्याने त्यांना बोलता आलं नाही, म्हणून त्यांची संमती गृहीत धरण्यात आली.

हवालदार म्हणजे सव्वीस वर्षं नाकासमोर चाललेला माणूस. त्यांनी परिपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ठाण्यात असला प्रकार पूर्वी कधी झाला नव्हता, आणि साहेबांनी त्यांना तसं हळूच समजावलंही. पण वाचलं ते वाचलंच. परिशिष्ट चारमध्ये आकडेवारी होती. शंभर चालकांपैकी सात जण वैद्यकीयदृष्ट्या अपात्र असतात, आणि त्या सातांपैकी आठ जणांना ते मान्य नसतं. ही छपाईची चूक असावी म्हणून हवालदारांनी वर पत्र लिहून विचारलं. आठवा म्हणजे सातव्याचा मुलगा, असा खुलासा आला.

परिपत्रकाची खरी थोरवी परिशिष्ट सहामध्ये होती. चालक अपात्र असल्याची शंका आल्यास त्याला नम्रपणे थांबवावं. पंचवीस पावलांवरच्या गाडीचा नंबर वाचायला सांगावा. वाचता न आल्यास गाडी ताबडतोब ठाण्यात आणावी. ती रस्त्यात सोडू नये, कारण वाहतुकीला अडथळा होतो. ती पोलिसाने चालवू नये, कारण गाडी खाजगी आहे. ती ओढून नेणाऱ्या क्रेनला लावू नये, कारण क्रेन फक्त मालक जागेवर नसलेल्या गाड्यांसाठी मंजूर आहे. सबब, अपात्र चालकाने स्वतःच गाडी चालवत ठाण्यात यावं आणि आपल्याला गाडी चालवता येत नाही हे तिथे लेखी मान्य करावं. वाटेत काही झाल्यास परिशिष्ट सात पाहावं. परिशिष्ट सातवर 'रद्द' असा शिक्का होता.

काम सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी पावणेआठला फोन आला.

"एक पांढरी गाडी आत्ता शाळेकडे निघालीय," बाईंचा आवाज दबका होता. "चालवणाऱ्यांना दिसत नाही. तुम्ही थांबवा. माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही?" हवालदारांनी परिपत्रकातला प्रश्न विचारला.

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं."

फोन रोज येऊ लागला, रोज पावणेआठला. बाई एका मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. पहाटेच्या पाळीला त्यांना घरून लवकर निघावं लागे, त्यामुळे सात वर्षांच्या मुलीला शाळेत सोडण्याचं काम सासऱ्यांकडे होतं. मुलीला घरात चिमी म्हणत. चिमी पुढच्या सीटवर बसे.

सहाव्या दिवशी हवालदारांनी पांढरी गाडी थांबवली. खरं तर गाडी त्यांनी थांबवली नाही. त्यांचा हात वर गेलेला पाहून चिमीने "आजोबा, पोलीस" असं सांगितलं आणि गाडी त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर थांबली. आतल्या गृहस्थांना पाहून हवालदारांनी सवयीनं सलाम ठोकला. ते निवृत्त परवाना परीक्षक होते. या गावात कोणाला गाडी चालवता येते आणि कोणाला येत नाही, हे एकतीस वर्षं त्यांनी ठरवलं होतं. स्वतः हवालदारांना त्यांनी दोनदा नापास केलं होतं, एकदा आरशात न बघितल्याबद्दल आणि एकदा आरशात फार बघितल्याबद्दल.

"साहेब, समोरच्या गाडीचा नंबर वाचता का जरा?" हवालदार म्हणाले.

"परीक्षकाची परीक्षा?" परीक्षकसाहेब हसले. "कुठली गाडी?"

"ती निळी."

चिमीने आजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं. परीक्षकसाहेबांनी नंबर खणखणीत आवाजात वाचला. दोन आकडे चुकले, पण आवाजात शंका नव्हती, आणि त्या आवाजापुढे एकतीस वर्षं कोणाची बोलायची टाप नव्हती. हवालदारांनी धीर करून सांगितलं, की ठाण्यात यावं लागेल.

ते अडीच किलोमीटर हवालदार जन्मात विसरणार नाहीत. मागच्या सीटवर ते जीव मुठीत धरून बसले होते. "आजोबा, लाल," चिमी सांगे आणि गाडी थांबे. "आजोबा, सायकल." गाडी कडेला होई. "आजोबा, सायकल गेली." गाडी पुन्हा मध्ये येई. मुलीच्या मांडीवर दप्तर होतं, आणि बोलताना ती एकदाही आजोबांकडे बघत नव्हती. डोळे बारीक करून समोर बघत होती. ही पोर रोज हे करते, आणि मग शाळेत जाऊन पाढे म्हणते, या विचाराने त्यांना लाजच वाटली.

"बघितलं?" परीक्षकसाहेब म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं मला. झाडं, दुकानं, माणसं. रस्त्याच्या मध्ये असतंच काय?"

"कोपऱ्यावरच्या खांबाला गाडी लागली होती म्हणतात, ते काय साहेब?" हवालदारांनी भीत भीत विचारलं.

"तीनदा लागला. चौथ्यांदा नगरपालिकेने खांब हलवला." परीक्षकसाहेबांनी गिअर बदलला. "खांबाची चूक नसती तर हलवला असता का?"

ठाण्यात मोठ्या साहेबांनी खुर्चीतून उठून त्यांचं स्वागत केलं. पोलीस डॉक्टरांना बोलावण्यात आलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मान हलवली, आणि दोन्ही डोळ्यांच्या मधोमध जुना डाग आहे, निदान बारा वर्षांचा, असं सांगितलं.

बारा हा आकडा ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. परीक्षकसाहेबांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. म्हणजे शेवटची पाच वर्षं त्यांनी गाडी चालवणाऱ्यांना मधोमध न बघताच पास केलं होतं. त्या पाच वर्षांत अकरा हजार चारशे परवाने निघाले होते. त्यांत साहेबांचा परवाना होता, साहेबांच्या मेव्हण्याचा होता, डॉक्टरांच्या दोन्ही मुलांचा होता आणि क्रेन चालवणाऱ्याचाही होता. ज्याच्या सहीने सगळं गाव गाडी चालवतं त्या माणसाला आंधळं म्हणायचं, म्हणजे उद्या सगळ्या गावानेच पायी चालायचं. डॉक्टर समंजस होते. डाग अलीकडचाच असावा, असं त्यांचं मत त्याच खुर्चीत बसून बदललं.

राहिला प्रश्न दिसण्याचा. इथे परिशिष्ट नऊ धावून आलं. चष्मा, भिंग अथवा अन्य साहाय्यक साधन वापरून चालकाला पुरेसं दिसत असल्यास तो पात्र समजावा, असं त्यात होतं. चालक ठाण्यापर्यंत सुखरूप आला होता का? आला होता. साधन सोबत होतं का? बाकावर पाय हलवत बसलं होतं. साहेबांनी ओळीखाली रेघ मारली आणि आदेश निघाला: 'सदर चालकाची दृष्टी साहाय्यक साधनासह समाधानकारक आहे. साधनाचा प्रकार: नात. सदर चालकाने साधनाशिवाय वाहन चालवू नये. साधन पुढील आसनावर बसवावे.' परवान्यावर लाल शिक्का बसला, 'नातीसह वैध'.

(या आदेशाची वरून दखल घेतली गेली. पुढच्या तीन महिन्यांत अशी चारशे बारा साधनं मंजूर झाली. त्यात नाती एकशे नव्वद, नातू एकशे साठ, उरलेल्या बायका. बायका या साधनाबद्दल मात्र तक्रारी फार आल्या; ते साधन न विचारता बोलतं, असं चालकांचं म्हणणं पडलं.)

परिचारिकाबाई पाळी संपवून गणवेशातच ठाण्यात आल्या, तेव्हा आदेशाची शाई वाळलेली होती. त्यांनी तो दोनदा वाचला. मग बाहेर पायरीवर हवालदारांना गाठलं.

"मी तिला त्या गाडीतून काढा म्हणून फोन करत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला त्या गाडीला बांधून दिलंत."

"कायद्यानं झालंय बाई."

"गेल्या आठवड्यात माझ्या वॉर्डात एक मुलगी आली. चिमीएवढीच. पुढच्या सीटवर होती. दोन्ही मांड्या प्लास्टरमध्ये. मी तिच्या उशा बदलते, आणि मला सारखी माझीच दिसते."

हवालदारांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस दुसऱ्याची चूक शोधतो. "तुम्ही घरात का नाही सांगत?"

"मी सून आहे. त्यांच्या मुलानं सांगायला नको?"

"मग ते काय म्हणतात?"

"म्हणतात, ज्यांनी मला गाडी शिकवली त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू. पोलिसांचं काम आहे, पोलिसांनी सांगावं."

बाईंचे यजमान विमा कंपनीत होते. अपघाताचा धोका कोणाला किती, हे मोजण्याचं काम ते करत. गावातल्या हरेक माणसाचा धोका त्यांनी टक्क्यांत काढून ठेवला होता. घरी मात्र ते वर्तमानपत्र वाचत. सून नवऱ्याकडे बोट दाखवत होती, नवरा पोलिसांकडे, पोलीस परिपत्रकाकडे, आणि परिपत्रक नातीकडे. नात सात वर्षांची असल्यामुळे तिला बोट दाखवायला पुढे कोणी उरलं नव्हतं.

असेच दोन महिने गेले. मग शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं आणि चिमीला उणे साडेतीनचा नंबर निघाला. फळ्यावरचं ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती, हे त्या दिवशी परिचारिकाबाईंना कळलं. चष्म्याच्या दुकानातून येताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मग आजोबांना लाल कसं सांगायचीस?"

"सगळे थांबले की लाल," चिमी म्हणाली.

"आणि रस्त्यात कोणीच नसेल तर?"

"मग मी हिरवा म्हणते."

बाईंनी हे पोलिसांना कळवलं. पोलिसांनी अजिबात दिरंगाई केली नाही. साधनात दोष आढळल्याने साधन दुरुस्त करून घ्यावं, असं ठरून चार दिवसांत शुद्धिपत्रक घरी पोचलं: 'नात या शब्दापुढे (चष्म्यासह) असे वाचावे.' ते वाचून बाईंनी दाराजवळच्या खुंटीवरची गाडीची किल्ली काढून घेतली. सांगितलं कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षकसाहेब भिंतीला धरून, विचारत विचारत, पायी ठाण्यात आले. एकोणीस वर्षांत ते प्रथमच पायी निघाले होते आणि वाटेत कोणालाही इजा झाली नव्हती. किल्लीच्या चोरीची तक्रार वीस मिनिटांत नोंदवली गेली. आंधळा माणूस गाडी चालवतो याचा निकाल लावायला जिथे सहा वर्षं आणि चौसष्ट पानं लागली, तिथे त्याची किल्ली गेली म्हणताच कायदा कसा खडबडून जागा होतो, हे पाहून कोणाही करदात्याचा ऊर भरून यावा. साहेबांनी हवालदारांना बोलावलं. दुपारी तीनच्या आत किल्ली शोधून फिर्यादीला परत करायची होती.

हवालदार फिर्यादीच्या घरी गेले. परीक्षकसाहेब जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते. त्यांचा मुलगा कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे होता. सूनबाईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. किल्ली त्यांनी लपवलीच नव्हती. ती टेबलाच्या मधोमध, परीक्षकसाहेबांच्या अगदी नाकासमोर पडली होती, आणि त्यांना ती दिसत नव्हती. समोरच्या खुर्चीत चिमी नवा चष्मा लावून बसली होती. तिने किल्लीकडे बघितलं, हवालदारांकडे बघितलं, आणि ती काही बोलली नाही. आजोबांपुढे काय आहे ते न सांगण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी.

हवालदारांनी सव्वीस वर्षांत खोटा शब्द लिहिला नव्हता. (लिहायची वेळ आली की ते पेन सहकाऱ्याला देत.) त्यांनी वही उघडली. लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचत गेले, "घराची बारकाईने पाहणी केली. जेवणाचे टेबल पाहिले. टेबलावर किल्ली दिसली नाही."

"नीट बघा," परीक्षकसाहेब म्हणाले.

"नीटच बघतोय साहेब."

मुलाने वर्तमानपत्र खाली घेतलं. त्याला किल्ली दिसली. त्याने तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. हवालदारांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मुलानेही केली.

हवालदार ठाण्यात पोचायच्या आत तिथे एक निनावी फोन आला होता. किल्ली टेबलावर असूनही पोलिसाने पाहिली नाही. एक जबाबदार नागरिक म्हणून कळवतो आहे. आपलं नाव कुठे येऊ नये. साहेबांनी हवालदारांपुढे दोन वाटा ठेवल्या. किल्ली दिसली असेल तर खोटा पंचनामा, म्हणजे घरी बसणं. दिसलीच नसेल तर डोळ्यांचा दोष, आणि त्यासाठी परिपत्रक आहेच.

"दिसली नाही साहेब," हवालदार म्हणाले.

पुढची कार्यवाही आदर्श झाली. डॉक्टरांनी तक्ता धरला, हवालदारांना त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही वाचता आलं नाही. पंचवीस पावलांवर गाडी दिसली नाही. पाच पावलांवर डॉक्टर दिसले नाहीत. नात आहे का, असं विचारण्यात आलं. लग्नच झालेलं नाही, असं उत्तर आलं. त्यांच्या स्कूटरचा परवाना त्याच दिवशी जप्त झाला आणि त्यांची रस्त्यावरची नेमणूक संपली. वार्षिक अहवालात त्या परिपत्रकाखाली यशाची एकच नोंद आहे: 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र वाहनचालक शोधून रस्त्यावरून दूर केले: एक.' साहेबांना त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. किल्लीचा तपास पुढे करण्यास विशेष अंमलबजावणी अधिकारीच उरला नसल्याने ते प्रकरण भिजत पडलं. किल्ली हाडांच्या वॉर्डातल्या कपाटात आहे, हे सगळ्या ठाण्याला ठाऊक आहे. चिमी आणि आजोबा आता शाळेला चालत जातात, आणि आजोबा वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांच्या नाकर्तेपणाबद्दल सांगतात.

हवालदारांना फोनच्या टेबलावर बसवण्यात आलं आहे. सकाळी पावणेआठपासून फोन सुरू होतात, दिवसाला अडतीस-चाळीस. कोणाच्या वडिलांना साखर उतरून चक्कर येते, कोणाच्या काकांना फीट येते, कोणाच्या आईचा पाय ब्रेकवर पोचत नाही, कोणाच्या नवऱ्याला स्टिअरिंगवर झोप लागते. सगळे दबक्या आवाजात बोलतात. हवालदार परिपत्रकात नसलेला एकच प्रश्न विचारतात, "किल्ली कुठे ठेवतात ते?" उत्तर झटकन येतं, आणि हवालदार ते नोंदवहीत लिहून घेतात. दारामागच्या खुंटीवर. फ्रिजवरच्या वाटीत. देवाच्या फोटोमागे. उशीखाली. "मग?" असं हवालदार विचारतात. पलीकडचा माणूस सांगतो, की ते तुमचं काम आहे, आणि आमचं नाव कुठे येऊ देऊ नका.

वाचकांनी निर्धास्त असावं. त्या नोंदवहीत नावाचा रकाना नाही, फक्त किल्लीच्या जागेचा आहे. वरची यादी वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे जी जागा आली, ती त्यात केव्हाच लिहून झाली आहे.